भिंगरीची बाजू

शाळेचा निरोप आला आणि चष्म्याच्या दुकानावरच्या दोन मजल्यांत, जितकी माणसं तितके पक्ष झाले. निरोप साधाच होता. भिंगरीला यंदा चौथीतच ठेवायचं म्हणतो आहोत, पालकांनी शुक्रवारी येऊन भेटावं. दोन भावांत जिन्याच्या वाटणीवरून वाजलं होतं, त्यानंतर या घरात एका विषयावर एवढं बोलणं झालं नव्हतं. तेव्हा निदान भांडणाच्या मधोमध जिना होता, त्याला काही वाटत नव्हतं. आता मधोमध नऊ वर्षांची पोर होती आणि ती पाय हलवत, चहात बिस्कीट बुडवत, ते तुटायच्या आत तोंडात कसं घालायचं याचा अभ्यास करत होती.

"शाळाच बदला," अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे भिंगरीचे आजोबा. त्यांच्या वडिलांनी हातगाडीवर चष्मे विकून हे दुकान उभं केलं, आणि अप्पांनी ते फक्त टिकवलं, असं अप्पाच सांगत. बाकी कुणी सांगितलं तर मात्र त्यांना राग येई.

"शाळा बदलून डोळे बदलतात का?" थोरला म्हणाला. अप्पांचा मोठा मुलगा, दुकानात डोळे तपासायचा. जगातल्या निम्म्या भानगडी चुकीच्या नंबरामुळे होतात असं त्याचं ठाम मत होतं. "मी परत एकदा तपासतो तिला."

"चार वेळा तपासलंत," त्याची बायको म्हणाली. तिला घरात आणि गल्लीत सगळेच काकू म्हणत, कारण गल्लीतली निम्मी पोरं तिच्याकडे शिकवणीला येऊन गेली होती. "डोळे ठणठणीत आहेत. मन लागत नाही. माझ्यापुढं बसली की घडाघडा वाचते, शाळेत गेली की दातखीळ बसते. याला काय आजार म्हणायचं? याला लाड म्हणायचं."

लाड हा शब्द काकूंनी धाकट्या जावेकडं बघून उच्चारला.

"बघू," भिंगरीचा बाप म्हणाला. तो दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचा आणि घरात 'बघू' म्हणायचा. दोन्ही कामं तो फार सफाईनं करायचा.

धाकटी म्हणजे भिंगरीची आई. ती दातांच्या कवळ्या करायची. दंतवैद्यांकडून ठसे यायचे, त्यावरून ती मेणात हिरड्या घडवून एकेक दात बसवायची. लग्न होऊन आली तेव्हा अप्पा म्हणाले होते, "चला, डोळे आपल्याकडं होतेच, आता दातही घरात आले. कानाचं बघणारं कुणी मिळालं की म्हातारपणाची काळजी मिटली." त्या कामामुळं धाकटीला माणसाच्या तोंडाकडं बघत राहायची खोड लागली होती, आणि त्या खोडीमुळंच तिला पहिल्यांदा संशय आला. वाचणाऱ्या माणसाची नजर पुढं पळते आणि तोंड तिच्या मागून येतं. भिंगरीचं उलटं होतं. तिचं तोंड ओळीच्या शेवटाला पोचायचं तेव्हा नजर अजून सुरुवातीलाच घुटमळत असायची.

मग धाकटी तिला मुलांच्या मानसतज्ज्ञांकडं घेऊन गेली. त्यांनी दोन सकाळी भिंगरीबरोबर घालवल्या आणि सांगितलं, हिला डिस्लेक्सिया आहे. बुद्धी छान आहे, अक्षरांशी मात्र हिचं पटत नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल. धाकटी ते घेऊन शाळेत गेली तर कचेरीतल्या माणसानं "हल्ली असले दाखले कुणीही आणतं" म्हणून परत पाठवलं. शिक्षण खात्यात गेली तर या खिडकीतून त्या खिडकीत चेंडूसारखी फिरली. शेवटी मानसतज्ज्ञांच्याच बाकावर बसलेल्या एका बापानं सांगितलं, "शनिवारी वाचनालयात जा. मागच्या खोलीत. ग्रंथपालबाईंना विचारा. त्या बरोबर येतात."

"बरोबर म्हणजे?"

"म्हणजे शाळेत. आपल्या बाजूला बसतात."

एवढं ऐकूनच धाकटीला रडू आलं होतं. आपल्या बाजूला कुणी बसतं, ही कल्पनाच ती विसरून गेली होती.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटक्या पुस्तकांना डिंक लावून वजनाखाली ठेवत. त्याच टेबलाभोवती अशा मुलांच्या पालकांचं मंडळ जमायचं. ग्रंथपालबाई बुटक्या, साठीच्या, गालात कायम पेपरमिंटची गोळी. आयुष्यभर लोकांना गप्प बसवून त्यांचा स्वतःचा आवाज इतका हलका झाला होता की ऐकायचं तर पुढं वाकावं लागायचं.

"शाळा काय म्हणते?"

"आळशी आहे म्हणते."

"आणि घर?"

धाकटीनं टेबलावरचा डिंकाचा डाग नखानं खरवडला.

"म्हणजे घरही." बाईंनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "शाळेशी भांडणं सोपं असतं हो. शाळा संध्याकाळी सुटते. घर कुठं सुटतं? घरी शिकवतं कोण?"

"माझ्या मोठ्या जाऊबाई. शिकवण्या घेतात."

"चांगलं शिकवतात?"

"फार चांगलं." हे खरं होतं म्हणून सांगताना धाकटीला जास्तच राग आला.

"मग आधी त्यांना भेटायला हवं," बाई म्हणाल्या. "रविवारी येऊ?"

---

रविवारी दुकान बंद होतं, पण अप्पा इस्त्रीचा सदरा घालून गल्ल्यामागं बसले होते.

"या, वकीलबाई."

"मी वकील नाही. वाचनालयात असते."

"हो हो. मोठे वकील असंच म्हणतात."

बाईंनी वाद घातला नाही. घरातली सगळी माणसं एकेक करून खाली उतरली. काकू सगळ्यांत शेवटी आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या, म्हणजे मी आले आहे पण थांबेनच असं नाही, हे सगळ्यांना कळावं.

थोरल्यानं घसा साफ केला. "बाई, तुमचं मंडळ वगैरे ठीक आहे. पण आमचा धंदा डोळ्यांचा. आधी मूळ तपासलेलं बरं. तुमच्यासमोरच दाखवतो."

दुकानामागं लांबट अरुंद खोली होती. एका टोकाला उंच खुर्ची, दुसऱ्या टोकाला भिंतीवर पेटी. पेटीत दिवा लावला की काचेवरची अक्षरं उजळायची. वर मोठी, खाली उतरत उतरत मुंगीएवढी. भिंगरी टुणकन खुर्चीवर चढली. ही खुर्ची तिच्या सवयीची होती. थोरल्यानं तिच्या एका डोळ्यावर झाकण धरलं, दुसरा हात भिंतीवरच्या बटणाकडं नेला आणि म्हणाला, "हं, वाच बेटा."

भिंगरीनं वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या. स्पष्ट, न अडखळता, शेवटच्या मुंग्यांसकट.

"बघा!" थोरला बाईंकडं वळला. "याहून चांगली नजर या गल्लीत कुणाची असेल तर मी दुकान बंद करतो."

"दादा," भिंगरीचा बाप हळूच म्हणाला, "दिवा लावायचा राहिला."

सगळ्यांनी पेटीकडं पाहिलं. पेटी काळीकुट्ट होती.

"भिंगरे," थोरल्याच्या तोंडून कसंबसं निघालं, "तुला दिसलं कसं?"

"दिसलं नाही. पाठ आहे ना." एका डोळ्यावरच्या झाकणामागून भिंगरी म्हणाली. "तुम्ही नेहमी तेच विचारता, काका."

अप्पांना हसू इतकं आलं की त्यांनी गल्ल्याचा आधार घेतला. "पन्नास वर्षं झाली या खोलीला! दिव्याचा खर्च वाचवणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघितलं!"

ग्रंथपालबाई मात्र हसल्या नाहीत. त्या खुर्चीशी गेल्या आणि त्यांच्या त्या हलक्या आवाजात विचारलं, "आणखी काय काय पाठ आहे तुझं?"

आपल्या मालमत्तेची कुणी चौकशी केली म्हणून भिंगरी खूश झाली. "धडे. सगळे. काकू आधी मोठ्यानं वाचून दाखवतात ना, तेव्हाच येतात मला. मग चित्र बघायचं आणि सुरू करायचं. पान कुठं उलटायचं तेवढं लक्षात ठेवावं लागतं. एकदा मी आधीच उलटलं होतं, पण काकूंचं दुधाकडं लक्ष होतं."

धाकटीनं जावेकडं पाहायचं टाळलं, आणि मग न राहवून पाहिलंच. काकूंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"म्हणजे वर्षभर तू माझ्यासमोर वाचतच नव्हतीस?"

"म्हणत होते ना, काकू."

थोरल्याच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. त्यानं कपाटातून अगदी लहान पोरांसाठी ठेवलेला चित्रांचा तक्ता काढला, या वेळी दिवा लावला, दोनदा खात्री केली. नाव, किल्ली, पक्षी, छत्री. भिंगरीनं सगळ्यांत खालच्या ओळीतली छत्रीसुद्धा ओळखली आणि वर सांगितलं की तिची एक काडी मोडली आहे. डोळे खरोखरच ठणठणीत होते. थोरला तक्ता गुंडाळत राहिला. गुंडाळून झाल्यावर त्यानं तो परत उलगडला आणि पुन्हा गुंडाळला.

काकूंचा बांध मात्र फुटला.

"या गल्लीतल्या पोरांना मी वाचायला शिकवलंय. कारकुनाच्या पोराला, न्हाव्याच्या पोरींना, त्या बोबड्यालासुद्धा. एकालाही हे लेक्सी-बिक्सी झालं नाही. आणि माझ्याच घरात व्हावं? मला वर्षभर फसवलं हिनं. पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसले मी!"

"घडा पालथा नाही हो," ग्रंथपालबाई म्हणाल्या. ऐकण्यासाठी काकूंना पुढं वाकावंच लागलं, आणि वाकून ओरडता येत नाही. "अख्खं पुस्तक पाठ केलंय पोरीनं, ते ओतलेलं पाणीच आहे. केवढी मेहनत आहे ती. आळशी मूल वाचून मोकळं होतं."

काकूंनी पदर झटकला.

"शुक्रवारी आई-बाप येतील, मी येईन," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "अजून एक खुर्ची मिळेल. कोण येतं?"

"मी," अप्पा म्हणाले. "मुख्याध्यापकांचा चष्मा आमच्याकडचाच आहे."

"मी," थोरला म्हणाला. "शास्त्रीय बाजू मांडायला."

"तुम्ही याल?" बाईंनी काकूंना विचारलं.

"मी?" काकू थक्क झाल्या. "मी आले तर शाळेच्या बाजूनं बोलेन हं. सांगून ठेवते."

"बोला की. जे वाटतं ते बोला."

बाईंना कोपऱ्यापर्यंत पोचवायला धाकटी गेली ती वाटभर धुसफुसत. "हे काय केलंत तुम्ही? तुम्ही त्यांना ओळखत नाही. एकदा सुरू झाल्या की मुख्याध्यापकांना आयतंच मिळेल. घरचीच माणसं म्हणतात आळशी आहे, मग आम्ही काय करणार, म्हणतील."

"त्या चिडल्यात."

"तेच तर!"

"चिडलेल्या माणसाला घरी सोडून जाऊ नये." बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पुडी काढून तिच्यापुढं धरली. "माझ्या मुलाच्या वेळी मी एकटीच गेले होते. घरी सगळे चिडून बसले होते, मी शाळेत भांडत होते. शाळा तर हरलेच, घरातही वर्षभर कुणी धड बोललं नाही. गोळी घ्या. आणि जाऊबाईंशी आज वाद घालू नका, एवढं ऐका माझं."

"मुलगा आता काय करतो?"

"मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी आहे. माझ्याहून जास्त मिळवतो आणि त्याहून जास्त बोलतो."

---

धाकटीनं वाद घातला नाही, पण बोललीही नाही. दोन दिवस जावा-जावांत मिठाच्या बरणीपुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा काकूंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत शिकवणीची चटई अंथरलेली, बाकीची पोरं गेलेली. काकू आणि भिंगरी दोघीच. काकूंनी पुस्तकातलं चित्र तळहातानं झाकलं होतं.

"हं. एवढी एक ओळ. मी आधी वाचणार नाही."

भिंगरीनं बोट ठेवलं. ओठ हलले, थांबले. तिच्या वरच्या ओठावर घाम आला. "ध... धर... नाही. घ..."

"घाई नाही."

"ही दोघं सारखी जागा बदलतात, काकू. घ आणि ध. मी बघते तेव्हा एक असतो, परत बघते तर दुसरा."

धाकटी दाराबाहेरच थांबली. आता बोलणी बसणार, म्हणून आत जायला तिनं पाऊल उचललंसुद्धा. पण काकू बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तक आपल्याकडं ओढलं, डोळे बारीक करून त्या ओळीकडं बघितलं, पुस्तक लांब धरलं, वाकडं केलं. जणू ती अक्षरं आपल्यापुढंही जागा बदलतात का, हे त्यांना एकदा बघायचं होतं. अक्षरं काही हलली नाहीत.

"रोज असंच होतं?"

"रोज."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

भिंगरीला प्रश्नच कळला नाही. "मला वाटलं सगळ्यांचंच असं होतं. तुम्ही फक्त जास्त हुशार आहात."

काकूंनी पुस्तक मिटलं. "जा. खेळ जा."

भिंगरी बाणासारखी सुटली आणि दाराशी आईवर आदळून जिन्यानं खाली गेली. काकू तशाच चटईवर बसून राहिल्या, मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून. धाकटी आली तशी परतली. त्या रात्री जेवताना काकूंनी तिच्या ताटात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. या घरात यापेक्षा मोठं भाषण करायची रीत नव्हती. पण शुक्रवारी त्या काय बोलणार, ते मात्र धाकटीला अजूनही कळलं नव्हतं.

---

मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या पाहुण्यांच्या खुर्च्या मुद्दाम बुटक्या असाव्यात. भिंगरीच्या बापाचे गुडघे छातीशी आले होते. मुख्याध्यापक भला माणूस होता, पण दर दोन मिनिटांनी दार उघडून कुणी ना कुणी त्यांना काहीतरी विचारत होतं. बाजूला भिंगरीची वर्गशिक्षिका बसली होती. तरुण, दमलेली, बाहीला खडूची पूड. भिंगरी बाहेरच्या बाकावर होती.

"मुलगी हुशार आहे, नाही असं नाही," मुख्याध्यापकांनी सुरुवात केली. "पण पाया कच्चा. एक वर्ष थांबली तर तिच्याच भल्याचं आहे. आणि खरं सांगू? शाळा किती करणार? घरी सराव होत नसला की..."

"घरी काय होत नाही?" काकूंनी विचारलं.

धाकटीनं घाबरून बाजूला पाहिलं. ग्रंथपालबाईंनी शांतपणे गोळी तोंडात टाकली.

"सराव, बाई. घरी कुणी अभ्यासाला बसवत नसेल तर..."

"कुणी बसवत नाही?" काकू उभ्याच राहिल्या. बुटक्या खुर्चीतून उठल्यामुळं त्या आहेत त्यापेक्षा उंच वाटल्या. "मी बसवते! रोज. तुमच्या शाळेतली किती पोरं माझ्या हाताखालून आलीत, विचारा यांना. तो तुमचा वक्तृत्वाचा कप आणणारा पोरगा कुणी शिकवला? मी वर्षभर या मुलीला शिकवलं, आणि माझ्या शिकवण्यात खोट नव्हती, आणि तिच्या कष्टांतही नव्हती. अख्खं पुस्तक तोंडपाठ आहे तिचं. तुम्हाला आहे का? तुमच्या वर्गात ते एकाला तरी आहे का?"

"पण मग वाचता का येत नाही?" वर्गशिक्षिकेनं विचारलं. तिनं खरंच विचारलं होतं.

"कारण तिला तुमच्या-माझ्यासारखं दिसत... नाही, दिसतं. दिसतं चांगलंच." काकू अडखळल्या. "दिसल्यावर पुढं जे व्हायला हवं ते होत नाही. मला कळलं नाही म्हणून मी तिला आळशी म्हणत होते. मी म्हटलं तर म्हटलं, मी काकू आहे. तुम्ही म्हणायचं नाही!"

त्या खाली बसल्या. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला.

मग ग्रंथपालबाई बोलू लागल्या आणि मुख्याध्यापकांना टेबलावर पुढं वाकावं लागलं. अशा मुलांना परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायचे, उत्तरं तोंडी घ्यायची, वेळ वाढवून द्यायचा, असा नियम खात्याचाच आहे. आम्ही सवलत मागत नाही, नियम मागतो. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. त्यांच्या गालात गोळी वाजायची तेवढीच.

"नियम आहे हो," मुख्याध्यापक म्हणाले. "माणसं कुठून आणू? एकेका वर्गात चाळीस पोरं."

"आणि मला हे कुणी शिकवलेलंच नाही," वर्गशिक्षिका एकदम म्हणाली. "अशा मुलांना कसं शिकवायचं ते. मी पण रोज घरी जाते तेव्हा तिचाच चेहरा डोळ्यांपुढं येतो. उठवलं की रडवेली होते, नाही उठवलं तर मी दुर्लक्ष करते असं होतं."

धाकटीनं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. आतापर्यंत ही बाई तिच्या मनात चांगली नऊ फूट उंच होती.

"प्रश्न वाचायला आमच्या मंडळातलं माणूस येईल," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुम्हाला शिकायचं असेल तर शनिवारी वाचनालयात या. आमच्याकडं शिकवणाऱ्या आहेत. चहासुद्धा असतो, फार चांगला नसतो."

"बघू," मुख्याध्यापक म्हणाले. "विचार करून कळवतो."

"बघू नका हो."

हे भिंगरीचा बाप म्हणाला. सगळे त्याच्याकडं वळले, तर तो स्वतःच दचकला. पण गुडघ्यांवर हात ठेवून त्यानं वाक्य पुरं केलं. "मी आयुष्यभर 'बघू' म्हणत आलोय, साहेब. मला ठाऊक आहे त्याचा अर्थ काय असतो. या परीक्षेला करा. पास झाली तर पाचवीत. नाही झाली तर तुमचं म्हणणं मी ऐकेन."

धाकटी नवऱ्याकडं बघतच राहिली. लग्नातसुद्धा तो सलग इतकं बोलला नव्हता.

"मुलीला विचारलं का कुणी?" ग्रंथपालबाई म्हणाल्या.

कुणी विचारलं नव्हतं. भिंगरीला आत बोलावलं. ती सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत उभी राहिली. कुणाच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते मात्र तिला घडाघडा वाचता यायचं.

"तुला काय हवं, सांग," मुख्याध्यापक म्हणाले.

"पाचवीत खिडकीजवळची जागा."

वर्गशिक्षिकेला हसू फुटलं. "आणि?"

भिंगरीनं एक पाय दुसऱ्या पायावर घासला. "मला एकदम उठवू नका. आदल्या दिवशी सांगा कुठली ओळ ते. म्हणजे मी घरून..." तिनं काकूंकडं चोरून पाहिलं. "पाठ करून नाही. खरं वाचून येईन. एकच ओळ पण."

"एकच ओळ," वर्गशिक्षिका म्हणाली. "ठरलं."

मुख्याध्यापकांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की यांच्यातलं कुणीही आज 'बघू' घेऊन घरी जाणार नाही. "बरं. या परीक्षेला करू. पास झाली की पाचवीत."

परतताना चौघंही एकदम बोलत होते. घरी पोचेपर्यंत विजयाची वाटणी होऊन गेली होती. काकूंच्या मते लढाई पहिल्या पाच मिनिटांतच जिंकली होती, भिंगरीच्या बापाच्या मते शेवटच्या पाच. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काही म्हणा, वकीलबाई तयारीची आहे." थोरल्यानं आपल्याला न नेल्याबद्दल दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यानं तपासणीच्या पेटीतली अक्षरांची काच काढून नवी बसवली आणि तिच्यात काय लिहिलंय ते घरात कुणालाही सांगायला नकार दिला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. काकू शनिवारी वाचनालयात जाऊ लागल्या, तिथल्या शिकवणाऱ्यांशी पहिल्याच दिवशी त्यांचं वाजलं, आणि तरी त्या पुढच्या शनिवारी गेल्या. घरी वाळूच्या ताटात बोटानं अक्षरं काढणं सुरू झालं, दारावर एकीकडं भलामोठा घ, दुसरीकडं ध. भिंगरी कधी कंटाळायची, कधी पुस्तक फेकायची, एकदा तर काकूंना म्हणाली, "तुम्ही आधीच बऱ्या होता." पण वर्गात रोज एक ओळ ती उभी राहून वाचत होती. अडखळत, घामाघूम होत, खरी.

परीक्षेच्या दिवशी धाकटीनं कामावर सुट्टी घेतली आणि शाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसली. पुढं निकालात भिंगरी भाषेत काठावर आणि गणितात झोकात पास होऊन पाचवीत गेली, पण हे त्या दिवशी कुणाला ठाऊक? धाकटीला एवढंच ठाऊक होतं, की वरच्या मजल्यावर एका रिकाम्या वर्गात मंडळातल्या एक बाई तिच्या लेकीला प्रश्न वाचून दाखवताहेत आणि आपण इथं नखं खातोय. बाकीची मुलं केव्हाच बाहेर पडून पांगली. वेळ वाढवून दिलेला असतो, हे माहीत असूनही तिला तो फारच वाढला आहे असं वाटू लागलं.

शेवटी भिंगरी आली. पायऱ्यांवरून दप्तर आपटत, कपाळावर आठ्या.

धाकटी उठली. "काय गं? काय झालं? अवघड होता?"

"नाही."

"मग? येत नव्हतं?"

"येत होतं सगळं." भिंगरीनं वैतागून मान उडवली. "पण ती बाई किती हळू वाचते गं, आई! ती प्रश्नाच्या मधेच असते तेव्हा माझं उत्तर होऊन गेलेलं असतं. मी किती वेळ थांबायचं तिच्यासाठी?"

धाकटी मटकन पायरीवर बसली. तिला हसू आलं, आणि मग ते थांबेना. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तरी थांबेना. येणारीजाणारी माणसं वळून बघू लागली. भिंगरी समजूतदारपणे तिच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "जाऊ दे. तिला सवय नसेल."